सांधा आधी बसवायचा, मग वितळवायचा

घरात जेवढ्या साखळ्या आहेत तेवढ्या एकदा भिंगाखाली धरून पाहा. किल्ल्यांच्या जुडग्याची, गळ्यातली, टांगत्या कुंडीची, कुत्र्याच्या पट्ट्याची. कडी म्हणजे वाकवलेली तार, आणि त्या तारेची दोन टोकं कुठेतरी भेटतातच. स्वस्तातल्या साखळीत तिथे केसाएवढी फट दिसेल. सोनाराकडच्या साखळीत वेगळ्या रंगाची बारीक रेघ दिसेल, म्हणजे तिथे डाग दिलेला आहे. लोखंडी साखळीत एक गाठाळ फुगवटा लागेल, म्हणजे ती वेल्ड केलेली आहे. आणि एखादी साखळी अशी भेटेल की कितीही फिरवली तरी सांधा सापडत नाही. घरच्या कामाच्या टेबलावर ही शेवटची साखळी करता येते. अवजारं थोडी लागतात, जागाही थोडी लागते. कडी बंद करण्याची तयारी मात्र जीव ओतून करावी लागते, कारण सांधा चांगला होणार की नाही हे बहुतेक वेळा ज्योत किंवा ठिणगी लागण्याआधीच ठरलेलं असतं.

सांधा एवढा महत्त्वाचा का, हे आकड्यांत लगेच दिसतं. १.२ मिमी जाडीची, म्हणजे आपल्याकडच्या मापात १८ गेजची, ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलची मऊ तार घ्या. तिचा छेद साधारण १.१३ चौरस मिमी. ती सरळ ओढून तोडायची तर पंचावन्न-साठ किलोचा भार लागतो. कडीत हा भार दोन बाजू वाटून घेतात, म्हणजे कागदावर ताकद आणखी दुप्पट. पण न जोडलेली कडी तुटण्याइतका भार सोसतच नाही. ती आधीच उघडते. तार शाबूत राहते, फट रुंदावते आणि शेजारची कडी निसटते. गळ्यातली साखळी हरवते तेव्हा सोनं तुटलेलं नसतं, एक कडी उघडलेली असते. कडी जोडली की हाच भार तिला आधी गोलाची लांबट करतो आणि मग कुठे तारेच्या ताकदीची परीक्षा सुरू होते.

जोडायचे दोन मार्ग. एक म्हणजे डाग देणं. कडीच्या धातूपेक्षा कमी तापमानाला वितळणारा दुसरा धातू फटीत वाहवायचा, टाकणखार लावून जागा स्वच्छ ठेवायची. आपल्याकडचे सोनार पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. दुसरा म्हणजे वेल्डिंग. यात परका धातू नाही, कडीचीच दोन टोकं वितळून एक होतात. दागिन्यात या फरकाची किंमत मोजावी लागते. जुन्या डागात सोन्याबरोबर चांदी-तांबं असायचं, त्यामुळे दागिना आटवल्यावर शुद्धता कमी भरायची. त्यावर तोडगा म्हणून कॅडमियम वापरलेला डाग आला आणि 'केडीएम' हे नाव घरोघर पोचलं. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक असते. कडी स्वतःच्याच धातूने जुळली की शुद्धता घटत नाही आणि त्या वाफेचा प्रश्नही उरत नाही. घरी काम करणाऱ्याने वेल्डिंगकडे वळावं असं मला वाटतं त्याचं हेही एक कारण आहे.

आता कड्या करण्याकडे येऊ. हा भाग कंटाळवाणा समजून उरकला जातो आणि पुढची निम्मी डोकेदुखी तिथूनच येते.

गुळगुळीत पोलादी सळई घ्यायची, तिच्यावर तार एकाला एक चिकटून गुंडाळायची आणि लांब स्प्रिंग तयार करायची. सळई ड्रिलमध्ये अगदी सावकाश फिरवली तरी चालेल, पण हाताने फिरवायचा दांडा बरा, कारण तारेवरचा ताण हाताला कळतो. ताण सारखा नसेल तर कड्या लहानमोठ्या होतात. सळई काढून घेतली की स्प्रिंग किंचित सैल होते, म्हणजे कडीचा आतला व्यास सळईपेक्षा थोडा जास्त भरतो. कडक तारेत ही वाढ जास्त, मऊ तारेत कमी. म्हणून मोजूनमापून साखळी करायची असेल तर आधी पाच-सहा वेढे घालून माप घ्यावं आणि मग सळई निवडावी.

स्प्रिंगचे वेढे कापून कड्या सुट्या करायच्या. इथे कटिंग प्लायरचा मोह आवरायला हवा. प्लायर तार कापत नाही, दोन्ही बाजूंनी चिमटून तोडतो, त्यामुळे टोकं पाचरीसारखी निमुळती होतात. अशी दोन टोकं समोरासमोर आणली की मधे इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच राहते. सोनाराच्या बारीक करवतीने कापलेली टोकं सपाट असतात. करवतीने पाव मिमीभर धातू खाल्ला जातो खरा, पण तेवढा कडीचा व्यास जरा लहान होऊन भरून निघतो. कापल्यावर टोकावर राहिलेली कणी पॉलिश पेपरवर काढावी. तेल, मेण, बोटांचा घाम हे सगळं धुऊन टाकावं. काही जण कड्या साबणाच्या गरम पाण्यात हलवून मग स्पिरिटमध्ये बुडवतात. ती पद्धत चांगली आहे.

मग कडी मिटवायची. स्प्रिंगमधून आलेल्या कडीची टोकं एका पातळीत नसतात, तारेच्या जाडीइतकी मागेपुढे असतात. दोन चपट्या तोंडाच्या पकडी घ्यायच्या आणि टोकं बाजूने सरकवत समोरासमोर आणायची. नुसती समोर आणून सोडली तर तार मागे फिरते आणि फट पडते. म्हणून आधी टोकं एकमेकांच्या थोडी पलीकडे ढकलायची, आत दाबायची आणि परत फिरवून आणायची. असं दोन्ही दिशांना केलं की टोकं एकमेकांना ढुशी देत बसतात. कडी स्वतःच्या स्प्रिंगने सांधा दाबून धरते. योग्य मिटलेली कडी बंद होताना बारीक 'टिक' आवाज येतो आणि उजेडासमोर धरली तर सांध्यातून उजेड दिसत नाही. उजेड दिसला तर ती कडी पुन्हा मिटवायला घ्यावी.

फटीवर एवढा जोर देण्यामागे पृष्ठताण आहे. वितळलेला धातू आपला पृष्ठभाग शक्य तेवढा लहान करू पाहतो. अळवाच्या पानावरचे दोन थेंब एकमेकांना टेकले की झटकन एक होतात, टेकले नाहीत तर वेगवेगळेच गोल राहतात. तारेच्या टोकांचं हेच होतं. टेकलेली टोकं वितळली तर सांध्यावर एकच पूल होतो. केसाएवढी जरी फट असली तरी प्रत्येक टोक आपापला गोळा बांधून मागे सरकतं आणि फट वाढते. फटीत जास्त उष्णता ओतून ती भरत नाही, उलट कडी वाया जाते.

सुरुवात करणाऱ्याने शुद्ध चांदीपासून करावी असं माझं मत आहे. ९९९ शुद्धतेची चांदी तापवताना तिच्यावर ऑक्साइडचा थर धरत नाही, त्यामुळे टाकणखारही लागत नाही. दागिन्याची ९२५ चांदी इथे चालत नाही. तिच्यात साडेसात टक्के तांबं असतं, ते काळं पडतं. शिवाय ती ८०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते आणि पूर्ण वितळायला ८९० च्या पुढे जावं लागतं. मधल्या टप्प्यात कडी लोळागोळा होते. शुद्ध चांदी एकाच तापमानाला, ९६२ अंशांना वितळते.

१ मिमी तारेची, ६-७ मिमी व्यासाची कडी अग्निरोधक विटेवर किंवा कोळशाच्या ठोकळ्यावर ठेवा. स्वयंपाकघरात मिळते तशी ब्यूटेनची छोटी टॉर्च पुरते. खोलीतला उजेड थोडा मंद ठेवावा, म्हणजे धातूचा रंग दिसतो. ज्योत आधी सांध्यावर धरायची नाही. ती गोल फिरवत सगळी कडी सारखी तापवायची. चांदी आधी पांढुरकी, मळकट दिसते, मग अंधूक लाल होते. त्यानंतरचा क्षण डोळ्यांत तेल घालून पकडायचा असतो. पृष्ठभाग एकाएकी ओला झाल्यासारखा चकाकतो. आता ज्योत सांध्यावर न्यायची. चकाकी सांध्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला धावते, रेघ पुसली जाते, आणि त्याच क्षणी ज्योत बाजूला घ्यायची. अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर सांध्याजवळ तार बारीक होते. आणखी उशीर झाला तर कडी तुटून दोन्ही टोकांना गोळे येतात. शंभरभर कड्या विटेवर ओळीने मांडून एकामागून एक जोडत गेलं की हाताला ती वेळ कळायला लागते.

चांदीची सगळी कडी का तापवावी लागते आणि स्टेनलेस स्टीलमध्ये नुसता सांधा का पुरतो, या एका प्रश्नावर पुढची सगळी यंत्रं उभी आहेत. उष्णता पसरण्याचा वेग प्रत्येक धातूचा वेगळा. चांदीत एका ठिकाणी दिलेली उष्णता सेकंदाच्या शंभराव्या भागात साधारण सव्वा मिमी लांब पोचते. स्टेनलेस स्टीलमध्ये तेवढ्याच वेळात ती जेमतेम पाव मिमीपर्यंत जाते. म्हणजे चांदीच्या कडीत सांध्यावर उष्णता दिली की ती लगेच कडीभर पसरते, एका जागी कोंडता येत नाही. स्टीलमध्ये ती जागच्या जागी राहते. काही मिलिसेकंदांत दणका दिला तर सांधा वितळतो आणि बाकीची कडी बोटाने धरण्याइतकी थंड असते.

हा दणका किती मोठा हवा? १ घन मिमी स्टील नेहमीच्या तापमानापासून पूर्ण वितळेपर्यंत साधारण ८ ज्यूल ऊर्जा खातं. आपल्या १८ गेज तारेत सांध्याभोवतीचा १ मिमी लांबीचा भाग वितळवायचा म्हटलं तर सुमारे ९ ज्यूल. ऊर्जा म्हणून हे फार थोडं आहे, १० वॅटचा दिवा ती एका सेकंदात खातो. अडचण ऊर्जेची नाही, वेळेची आहे. हे ९ ज्यूल पाच-दहा मिलिसेकंदांत सांध्यातच उतरले पाहिजेत. म्हणून कपॅसिटर कामी येतात. १ फॅरडचा संच १० व्होल्टपर्यंत भरला तर त्यात ५० ज्यूल साठतात आणि ते डोळ्याचं पातं लवण्याआधी बाहेर पडतात. त्यातले बरेचसे तारांत, तांब्याच्या टोकांत आणि आजूबाजूला जातात, तरी सांध्याच्या वाट्याला पुरेसे उरतात. एक गोष्ट इथे ध्यानात ठेवावी. व्होल्टेज दुप्पट केलं की ऊर्जा चौपट होते, म्हणून बटण अगदी थोडं थोडं पुढे न्यावं.

बॅटरीचे सेल जोडायला जे छोटे स्पॉट वेल्डर मिळतात ते याच तत्त्वावर चालतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं पालथी घालणाऱ्यांना ही यंत्रं नवी नाहीत. तांब्याची दोन टोकं सांध्याच्या दोन बाजूंना टेकवायची, पाय-बटण दाबायचं, आणि शेकडो अँपिअर प्रवाह सांध्यातून जातो. विजेला अडथळा जिथे सर्वांत जास्त तिथे उष्णता सर्वांत जास्त निर्माण होते. दोन टोकं कितीही सपाट कापली तरी ती सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकलेली असतात, त्यामुळे हा अडथळा सांध्यातच असतो. इंग्लंडमध्ये जन्मून अमेरिकेत काम केलेल्या एलिहू थॉमसनने या पद्धतीचं पेटंट १८८६ साली घेतलं. आजही कारखान्यांत लोखंडी साखळ्यांच्या कड्या याच तत्त्वाने जुळतात. सांध्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याची टोकं, प्रवाह, आणि त्याच वेळी दाब. दाबामुळे बाहेर आलेला धातू मग छाटून टाकतात.

कडीत मात्र एक पेच आहे. ती बंद असते, म्हणून प्रवाहाला दोन वाटा असतात. एक सांध्यातून आणि दुसरी मागून, कडीचा सगळा वळसा घालून. ५ मिमी आतल्या व्यासाच्या, १८ गेज तारेच्या कडीचा घेर साडेएकोणीस मिमीच्या आसपास. तांब्याची टोकं सांध्याच्या दोन्ही बाजूंना १-१ मिमीवर टेकवली तर पुढची वाट २ मिमीची, मागची साडेसतरा. नऊ भागांतले आठ पुढून जातात आणि काम होतं. तीच टोकं एकमेकांपासून ५ मिमी लांब ठेवली तर पुढच्या वाटेला जेमतेम तीन चतुर्थांश प्रवाह मिळतो, तोही जास्त लांबीत विभागून. सांध्याचा स्वतःचा अडथळा धरला तर पुढचा वाटा आणखी घटतो. म्हणून टोकं सांध्याला जितकी जवळ तितकं बरं. कडी फारच लहान असेल तर ही पद्धत सोडून द्यावी. तांबं आणि चांदी यांच्यावरही हा खटाटोप करू नये. चांदीचा विद्युत अडथळा स्टेनलेस स्टीलच्या पंचेचाळिसाव्या भागाएवढा, त्यात उष्णता पळून जाण्याचा वेग जबर. छोट्या यंत्राचा तिथे निभाव लागत नाही.

दाबही नेमका हवा. टोकं सैल टेकली असतील तर उंचवटे क्षणात फुटतात, ठिणग्या उडतात आणि सांध्यात खड्डा पडतो. फार घट्ट दाबली तर अडथळाच कमी होतो, सांधा लाल होतो पण वितळत नाही, आणि वरून जुळलेला दिसला तरी आतून कच्चा राहतो. कडी आपल्या स्प्रिंगने दाबून बसवण्याचा उपयोग इथे पुन्हा होतो. प्रत्येक कडीत दाब साधारण सारखा असला तर एकदा लावलेलं माप सगळ्यांना चालतं.

तिसरी पद्धत पल्स आर्कची. टंगस्टनची टोकदार सुई सांध्याला हलकेच टेकवायची. यंत्र आधी आर्गॉन वायूचा झोत सोडतं, सुई मागे खेचतं आणि त्या फटीत काही मिलिसेकंद विजेची ज्वाळा पेटते. आर्गॉनमुळे हवेतला ऑक्सिजन वितळलेल्या थेंबापर्यंत पोचत नाही आणि सांधा न काळवंडता चकचकीत राहतो. ही ज्वाळा चांदी-सोन्यालाही पुरते, टायटॅनियमही जोडते. मनगटावरच कायमची जोडायची ब्रेसलेटं हल्ली निघाली आहेत, ती याच यंत्राने जोडतात. (अशी साखळी घालणाऱ्याने एमआरआयच्या वेळी ती कापावी लागू शकते हे लक्षात ठेवावं.) यंत्र महाग आहे. नुसत्या हौसेसाठी ते पहिल्याच वर्षी घेऊ नये.

छोट्या साखळीचं घरगुती काम नवं नाही. इंग्लंडमधल्या क्रॅडली हीथ गावात शंभर वर्षांपूर्वी बायका घरामागच्या छपरात भट्टी पेटवून बारीक साखळ्या करायच्या. सळईचं टोक पांढऱ्या आचेवर तापवायचं, कडी वाकवायची, मागच्या कडीत ओवायची, पुन्हा तापवायची आणि ऐरणीवर हातोडीच्या घावांनी सांधा एक करायचा. त्यात लोखंड वितळत नाही, मऊ होऊन दाबाने जुळतं. पोरं अंगणात आणि आई भट्टीपाशी, असा तो संसार, आणि मजुरी पोटापुरतीही नाही. १९१० साली किमान वेतन ठरलं तेव्हा मालकांनी ते द्यायला टाळाटाळ केली. मेरी मॅकआर्थर यांच्या नेतृत्वाखाली त्या बायका दहा आठवडे लढल्या आणि जिंकल्या. लढ्यासाठी जमलेल्या निधीतून उरलेल्या पैशांत १९१२ साली तिथे कामगारांसाठी वास्तू उभी राहिली. आज हौस म्हणून जे आपण करतो त्या कामाला कौशल्य किती लागतं हे त्या बायकांच्या हातांना ठाऊक होतं, म्हणून त्यांची आठवण इथे असायला हवी.

चिलखताच्या कड्या मात्र वेगळ्या जोडायच्या. टोकं चपटी करून एकावर एक ठेवायची, भोक पाडायचं आणि बारीक रिव्हेट ठोकायचा. हजारो कड्यांना हजारो रिव्हेट. आपल्या संग्रहालयांत चिलखत पाहाल तर कडीवरची ती बारीक पुळी जरूर शोधा. खाटकाचा हातमोजा म्हणून आज जी स्टीलची जाळी वापरतात तिच्या कड्या वेल्ड केलेल्या असतात. रॉन आणि व्हॅलेरी टेलर या ऑस्ट्रेलियन पाणबुड्यांनी शार्कच्या दातांपुढे जो जाळीदार पोशाख वापरून पाहिला तो याच हातमोज्याच्या कल्पनेतून आला.

आता साखळी ओवण्याकडे. एकेक कडी जोडत पुढे जावं असं वाटतं, पण तसं केलं तर प्रत्येक वेल्डच्या वेळी लांब शेपटी सांभाळावी लागते. त्यापेक्षा निम्म्याहून थोड्या जास्त कड्या सुट्या असतानाच जोडून टाकाव्यात. मग दोन बंद कड्या एका उघड्या कडीत ओवायच्या, ती मिटवून जोडायची, तीन कड्यांचा तुकडा झाला. असे दोन तुकडे आणि मधे एक कडी, सात. पुढे पंधरा, मग एकतीस. वेल्ड करताना सांधा वर आणि शेजारच्या कड्या खाली लोंबत्या ठेवायच्या. तांब्याच्या टोकाला शेजारची कडी टेकली तर प्रवाहाला तिसरी वाट मिळते आणि सांधा कच्चा राहतो. चांदीत धोका वेगळा, शेजारची कडी ज्योतीत आली तर तिथेच चिकटते. यावर प्राचीन तोडगा आहे. इराकमधल्या उर इथल्या राजघराण्याच्या थडग्यांत, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दागिन्यांत, अशी सोन्याची साखळी सापडली. सगळ्या कड्या आधीच सुट्या जोडून घ्यायच्या, प्रत्येक कडी दाबून लांबट करायची, मधोमध दुमडायची आणि पुढची कडी तिच्या दोन्ही टोकांच्या फाशांतून ओवायची. ओवल्यानंतर ज्योत जवळ आणायचीच नाही. शुद्ध चांदी यासाठी सर्वांत सोयीची, कारण तापवून ती लोण्याइतकी मऊ झालेली असते.

जोडलेली कडी तपासल्याशिवाय साखळीत घालू नये. चांदीची कडी निमुळत्या सळईवर चढवून खाली ढकलायची, कच्चा सांधा लगेच फाटतो. स्टीलची कडी दोन पकडींत धरून सांध्यावर पिळायची. पक्की असेल तर तार पिळली जाते पण सांधा उघडत नाही. प्रत्येक नव्या मापाच्या पहिल्या काही कड्या मुद्दाम तोडाव्यात आणि तुटलेली जागा भिंगाखाली पाहावी. सगळा छेद राखाडी, दाणेदार असेल तर वेल्ड पूर्ण उतरला आहे. मधे बारीक ठिपका जुळलेला आणि भोवती करवतीच्या रेघा जशाच्या तशा असतील तर ऊर्जा कमी पडली. कडेनेच जुळलं असेल तर टोकं सपाट नव्हती. तुटलेली कडी इतकं स्पष्ट सांगते, म्हणून त्यात चार कड्या गेल्याचं वाईट वाटून घेऊ नये. सांध्यावरचा निळा-सोनेरी डाग लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणात फिका होतो, राहिलेला पॉलिशने जातो.

जपायच्या गोष्टी थोड्या आहेत पण त्यांत सवलत नाही. गॅल्व्हनाइज्ड तार, म्हणजे कुंपणाची जस्त चढवलेली तार, कधी वेल्ड करू नका. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्याच्या धुराने थंडी भरून ताप येतो. पितळेतही जस्त असतं, म्हणून तेही टाळा. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम असतं, खिडकी उघडी आणि पंखा धूर बाहेर ओढणारा हवा. स्पॉट वेल्डरला साधा सुरक्षा चष्मा चालतो. आर्कला काळी काच लागतेच, नाहीतर रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. व्होल्टेज कमी असलं तरी शेकडो अँपिअर अंगठीतून गेले तर बोट भाजतं. जुन्या मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर काढून वेल्डर करायच्या कृती सर्वत्र फिरत असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्या डब्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही दोन हजार व्होल्टच्या आसपास भरलेला राहू शकतो आणि तो धक्का जिवावर बेततो.

पहिल्या महिन्यात १ मिमी शुद्ध चांदीची दोन मीटर तार, एक सळई, एक बारीक करवत, दोन पकडी आणि छोटी टॉर्च एवढंच घ्या. स्पॉट वेल्डर त्यानंतर. सोनाराची अवजारं विकणाऱ्या कुठल्याही दुकानात करवतीचं पातं मागितलं की मिळतं. जमलं तर एकदा कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीला जाऊन या. चांदीच्या पैंजणांसाठी नावाजलेल्या त्या गावात कडी मिटवणारे हात किती वेगाने आणि किती नेमके चालतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. तयार साखळी गळ्यात घाला, किल्ल्यांना लावा, कुंडी टांगा. झोपाळ्याला, पाळण्याला किंवा माणसाच्या डोक्यावर लोंबणाऱ्या कुठल्याही वजनाला ती कधीही लावू नका. त्यासाठी भार तपासून शिक्का मारलेली साखळी बाजारात मिळते, तीच आणा.